न दिसणाऱ्याची चिकित्सा : दीर्घिका कशा घडल्या आणि कशा बदलत गेल्या

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात मुसफ्फा, अबू धाबी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आम्ही पेशाने डॉक्टर. रक्तदाब, मधुमेह, उन्हाचा तडाखा, धुळीने बळावणारा दमा हे आमचे नित्याचे विषय. मग आज या व्यासपीठावरून दीर्घिकांविषयी बोलण्याचे धाडस आम्ही का करीत आहोत, असा प्रश्न आपल्या मनात उभा राहिला असेल. त्याचे कारण असे की, अभ्यासवर्गात विश्वाच्या उत्पत्तीवर चर्चा चालू असता आपल्यातीलच एका फिटर बांधवाने रोखठोक प्रश्न केला. जे दिसत नाही, तपासता येत नाही, ते मानू नका, असे आम्ही आपणांस नेहमी सांगत आलो आहोत. मग विश्वातील बहुतांश द्रव्य कोणालाच दिसत नाही असे शास्त्रज्ञ सांगतात, ते तरी का मानावे? हीसुद्धा एक नवी पोथीच नव्हे काय?

प्रश्न अत्यंत योग्य आहे. विवेकाची भाषा बोलणाऱ्याने हा प्रश्न टाळला, तर त्याचा विवेक केवळ दुसऱ्याच्या श्रद्धेपुरताच आहे असे ठरेल. म्हणून आज आम्ही या प्रश्नाचे उत्तर देण्याचा यथामती प्रयत्न करणार आहोत. त्यासाठी दीर्घिका म्हणजे काय आणि त्या घडल्या कशा, येथूनच आरंभ केला पाहिजे.

लहानसा ढग

इसवी सन ९६४ च्या सुमारास अब्द अल-रहमान अल-सूफी या ज्योतिर्विदाने स्थिर ताऱ्यांवर एक ग्रंथ लिहिला. ग्रंथाची भाषा अरबी. मुसफ्फ्याच्या रस्त्यांवरील पाट्या ज्या भाषेत आपण रोज पाहतो, तीच. त्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातील एका अंधुक ठिपक्याची नोंद लहानसा ढग म्हणून केलेली आहे. देवयानी दीर्घिकेची ही उपलब्ध असलेली सर्वांत जुनी नोंद मानली जाते. परंतु तो ढग म्हणजे नेमके काय, हे कळण्यास पुढे जवळजवळ एक हजार वर्षे जावी लागली. १९१२ साली हेन्रिएटा लेव्हिट या संशोधिकेने ठराविक काळाने मंद-तेजस्वी होणाऱ्या ताऱ्यांचा नियम मांडला. त्यावरून ताऱ्यांची अंतरे काढता येऊ लागली. १९२३ साली एडविन हबल यांना देवयानीत असाच एक तारा सापडला आणि तो ढग आपल्या आकाशगंगेच्या फार बाहेर आहे, हे सिद्ध झाले. आजच्या मापनानुसार हे अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो, तो तेथून निघाला तेव्हा आपली मानवजात अस्तित्वातच आली नव्हती.

दीर्घिका म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला तारे, वायू, धूळ आणि अदृश्य द्रव्य यांचा प्रचंड समुदाय. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो. तिचा व्यास सुमारे १ लाख प्रकाशवर्षे असून तिच्यात शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. सूर्याला तिच्या केंद्राभोवती एक फेरा पूर्ण करावयास सुमारे २३ कोटी वर्षे लागतात.

या दीर्घिका आकाशात वाटेल तशा विखुरलेल्या नाहीत. त्यांचे समूह आहेत, समूहांचे महासमूह आहेत, आणि हे महासमूह लांबच लांब तंतूंनी एकमेकांस जोडलेले आहेत. तंतूंच्या मधोमध कोट्यवधी प्रकाशवर्षे रुंदीच्या जवळजवळ रिकाम्या पोकळ्या आहेत. पहाटेच्या दवाने भिजलेले कोळ्याचे जाळे डोळ्यांसमोर आणावे, म्हणजे या रचनेची कल्पना येईल. असाच एक अतिविशाल महासमूह पुण्यातील आयुका आणि आयसर या संस्थांतील व त्यांच्या सहकारी संशोधकांनी शोधून काढला आणि २०१७ च्या जुलै महिन्यात जाहीर केला. त्यास त्यांनी 'सरस्वती' असे नाव दिले. तो मीन राशीच्या दिशेस, सुमारे ४ अब्ज प्रकाशवर्षे दूर असून त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे आहे. त्याचे वस्तुमान सुमारे २ कोटी अब्ज सूर्यांइतके भरते.

एवढी मोठी रचना कोणी घडविली? आमचे उत्तर असे की, कोणीही नाही. ती घडत गेली. कशी घडली, ते आता पाहू.

एक लक्षांशाचा फरक

विश्वाचे वय आजच्या मापनानुसार सुमारे १३.८ अब्ज वर्षे आहे. आरंभी ते अत्यंत तप्त व दाट होते. तेव्हापासून ते प्रसरण पावत व थंड होत आले आहे. सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे वयाचे झाले तेव्हा ते इतके निवळले की, प्रकाश प्रथमच मोकळेपणाने प्रवास करू लागला. तो प्रकाश आजही सर्व दिशांकडून सूक्ष्मलहरींच्या रूपाने आपल्यापर्यंत येत आहे. १९६५ साली पेन्झियस व विल्सन या अमेरिकी संशोधकांनी त्याचा शोध जाहीर केला. हा प्रकाश म्हणजे विश्वाचे बालपणीचे छायाचित्रच होय.

त्या छायाचित्रात विश्व जवळजवळ सर्वत्र सारखे दिसते. कोठे उच्च नाही, कोठे नीच नाही. परंतु १९९२ साली कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून असे आढळले की, तापमानात एका लाखात एक भाग इतका सूक्ष्म फरक आहे. काही ठिकाणी द्रव्य किंचित दाट होते, काही ठिकाणी किंचित विरळ. या क्षुल्लक फरकातूनच पुढे सर्व दीर्घिका निर्माण झाल्या. दाट भागाचे गुरुत्वाकर्षण थोडे अधिक. म्हणून तो भोवतालचे द्रव्य ओढून घेतो. ओढले की अधिक दाट होतो. अधिक दाट झाला की अधिक ओढतो. ज्याच्याजवळ आहे त्यालाच अधिक मिळत जाते, हा व्यवहार आपल्या परिचयाचा आहे. माणसांत तो अन्याय असतो, आकाशात तो केवळ गुरुत्वाकर्षणाचा परिणाम आहे.

येथे एक हिशेब ध्यानात घ्यावा. कारण आमच्या फिटर बांधवाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या हिशेबातच आहे. त्या आद्य प्रकाशाच्या काळापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट प्रसरण पावले आहे. अशा प्रसरणशील विश्वात आरंभीचे लहान फरकही, स्थूलमानाने, प्रसरणाच्याच प्रमाणात वाढतात. म्हणजे एका लाखात एक हा फरक हजार पटीने वाढून आज जेमतेम शंभरात एक झाला असता. शंभरात एक एवढ्या फरकाने दीर्घिका बनत नाहीत, तारे बनत नाहीत, पृथ्वी बनत नाही. आपल्याला ज्ञात असलेले द्रव्य तेवढेच खरे धरले, तर आज हा मेळावा भरलाच नसता!

मग दीर्घिका घडल्या कशा? ज्ञात द्रव्य त्या आद्य काळात प्रकाशाच्या दाबाखाली अडकून पडले होते. त्याला एकत्र येण्यास मोकळीक नव्हती. परंतु प्रकाशाशी ज्याचा काहीही संबंध येत नाही असे द्रव्य असेल, तर ते त्या दाबाला जुमानणार नाही. प्रकाश मोकळा होण्यापूर्वीच ते आपापल्या ठिकाणी गोळा होऊ लागले असेल. यालाच कृष्णद्रव्य म्हणतात. प्रकाश सुटताच ज्ञात वायू या तयार खळग्यांत कोसळला. पावसाचे पाणी आधीच खणलेल्या तळ्यांत साचावे, तसा. खळग्यांत पडलेला वायू थंड झाला, आकुंचन पावला, आकुंचनाबरोबर अधिक वेगाने फिरू लागला आणि फिरता फिरता तबकडीसारखा चपटा झाला. त्याचे तुकडे होऊन तारे पेटले. दीर्घिका जन्मास आली.

प्रथम लहान दीर्घिका घडल्या. त्या एकमेकींत मिसळून मोठ्या झाल्या. २०२१ च्या डिसेंबरात अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने विश्व अवघे ३० कोटी वर्षांचे असतानाच्या दीर्घिका टिपल्या आहेत. आपल्या आकाशगंगेनेही इतर दीर्घिका गिळल्या आहेत. सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी तिच्यात विलीन झालेल्या अशाच एका दीर्घिकेच्या ताऱ्यांची ओळख गाया उपग्रहाच्या निरीक्षणांवरून २०१८ साली पटली. मोठी दीर्घिका ही एका कुळाची मिरास नसते. ती अनेक स्थलांतरितांची वस्ती असते, मुसफ्फ्याप्रमाणेच.

लक्षणांवरून निदान

परंतु एक हिशेब जुळावा म्हणून न दिसणारे द्रव्य कल्पिणे पुरेसे आहे काय? मुळीच नाही. आम्ही डॉक्टर एकाच लक्षणावरून निदान करीत नाही. तसेच येथेही आहे. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांना कोमा नावाच्या समूहातील दीर्घिका इतक्या वेगाने फिरताना आढळल्या की, दिसणाऱ्या द्रव्याच्या गुरुत्वाकर्षणाने त्या बांधल्या जाणे शक्यच नव्हते. १९७० च्या दशकात व्हेरा रुबिन व त्यांचे सहकारी केंट फोर्ड यांनी एकेका दीर्घिकेची नाडी पाहिली. सूर्यमालेत दूरचा ग्रह मंदगतीने फिरतो. त्याप्रमाणे दीर्घिकेच्या कडेचे तारे मंद असावयास हवे होते. ते तसे नव्हते. कडेचे ताऱेही जवळजवळ तितक्याच वेगाने धावत होते. ज्या पालोमार वेधशाळेची दारे स्त्रियांना अधिकृतपणे बंद होती, तेथे १९६५ साली परवानगीने निरीक्षण करणारी पहिली स्त्री म्हणजे याच रुबिनबाई, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

पुढे २००६ साली आणखी एक पुरावा पुढे आला. दोन दीर्घिकासमूहांची टक्कर झालेल्या एका ठिकाणी क्ष-किरणांत दिसणारा तप्त वायू मध्यभागी अडखळून मागे राहिला होता; परंतु पाठीमागून येणारा प्रकाश किती वाकतो यावरून मोजलेले बहुतांश वस्तुमान मात्र पुढे निघून गेलेले आढळले. वायू एकीकडे आणि वजन दुसरीकडे! ताऱ्यांची गती, प्रकाशाचे वाकणे, आद्य प्रकाशातील सूक्ष्म फरक आणि महासमूहांची रचना ही चार निरनिराळी लक्षणे, चार निरनिराळ्या पद्धतींनी तपासली असता, एकाच निदानाकडे बोट दाखवितात. त्यानुसार विश्वाच्या एकंदर जमाखर्चात ज्ञात द्रव्य अवघे ५ टक्के, कृष्णद्रव्य सुमारे २७ टक्के आणि उरलेले कृष्ण ऊर्जा असे प्रमाण येते.

आमच्या व्यवसायाच्या इतिहासातही हे घडलेले आहे. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी असे मांडले की, शवविच्छेदन करून आलेल्या डॉक्टरांच्या हाताला लागलेले, न दिसणारे काहीतरी बाळंतिणींचा जीव घेत आहे. जंतू तेव्हा कोणी ओळखले नव्हते. त्यांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याचा नियम घातला आणि मृत्यूंचे प्रमाण अनेक पटींनी खाली आले. न दिसणारे कारण मानले गेले ते कोणी थोर पुरुषाने सांगितले म्हणून नव्हे. मृत्यूंच्या नोंदवहीतील आकडा बदलला म्हणून.

मात्र निदान चुकूही शकते. युरेनस ग्रह आपल्या मार्गावरून ढळतो असे दिसल्यावर लव्हेरिये या फ्रेंच गणितज्ञाने न दिसणारा ग्रह कल्पिला, आणि १८४६ साली नेपच्यून खरोखरच सापडला. बुधाची कक्षाही किंचित सरकते, असे दिसल्यावर त्याच गणितज्ञाने दुसरा अदृश्य ग्रह कल्पिला. त्याला व्हल्कन हे नावही मिळाले. परंतु तो कधीच सापडला नाही. १९१५ साली आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारला आणि व्हल्कनची गरज संपली. म्हणजे हिशेब जुळत नसेल तर दोन शक्यता असतात : एक तर काही वस्तू आपल्या नजरेतून सुटली आहे, किंवा आपला नियमच अपुरा आहे. कृष्णद्रव्याच्या बाबतीतही मोर्डेहाय मिलग्रोम यांनी १९८३ साली दुसरी शक्यता मांडली असून तिच्यावर आजही काम चालते. खोल खाणींतून ठेवलेल्या उपकरणांत कृष्णद्रव्याचा कण अद्याप निःसंशयपणे सापडलेला नाही. पुराव्याचे पारडे कृष्णद्रव्याच्या बाजूस जड आहे. परंतु खटला बंद झालेला नाही.

आता याची तुलना दुसऱ्या एका अदृश्याशी करावी. आमच्याकडे पायाला जखम झालेला एक मधुमेही वेल्डर आला होता. त्यास आम्ही ताबडतोब शस्त्रक्रियेचा सल्ला दिला. साडेसाती उतरेपर्यंत अंगावर शस्त्र चालवू नये, असे गावाकडून फोनवर सांगण्यात आल्यामुळे तो सहा आठवडे आलाच नाही. आला तेव्हा दोन बोटांच्या ठिकाणी अर्धा पाय काढावा लागला. शनीचा तो प्रभावही डोळ्यांना दिसत नाही आणि कृष्णद्रव्यही दिसत नाही. मग फरक कोठे आहे? तो तीन प्रश्नांत आहे. हे अदृश्य किती आहे, याचा आकडा सांगता येतो काय? कोणती गोष्ट आढळली तर ते खोटे ठरेल, हे आधी सांगता येते काय? आणि ते न मानणाऱ्याचे काय होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आम्ही वर दिली. तिसऱ्याचे उत्तर पुण्यात सापडते.

गुरू आणि शिष्य

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. केंब्रिज येथे फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले आणि १९६४ साली या दोघांचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गाजला. विश्वाला असा एकच आरंभ होता हे हॉइल यांना मान्य नव्हते. 'बिग बँग' हा शब्दप्रयोग १९४९ साली रेडिओवरील भाषणात प्रथम वापरणारे हॉइल हे त्या कल्पनेचे विरोधक होते. १९९३ साली हॉइल, जेफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी महास्फोटाला पर्यायी असा अर्धस्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी तो स्वीकारला नाही. आद्य प्रकाशाचा पुरावा महास्फोटाच्या बाजूचा आहे, असेच त्यांचे मत राहिले. नारळीकरांनी आपले मत सोडले नाही. २० मे २०२५ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

आता याच गोष्टीची दुसरी बाजू पहा. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत थानू पद्मनाभन या केरळातून आलेल्या विद्यार्थ्याने नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. पुढे नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका ही संस्था स्थापन केली आणि १९९२ साली पद्मनाभन तेथे रुजू झाले. १९९३ साली, म्हणजे ज्या वर्षी गुरूने महास्फोटाला पर्याय मांडला त्याच वर्षी, शिष्याचा विश्वातील रचनांच्या निर्मितीवरील ग्रंथ केंब्रिजहून प्रसिद्ध झाला. आणि तो गुरूला अमान्य असलेल्या महास्फोटाच्या चौकटीतील होता. दीर्घिका कशा घडतात हे शिकणाऱ्या जगभरच्या विद्यार्थ्यांनी तो अभ्यासिला. संस्थेचे संचालक नारळीकर, आणि त्यांच्या मताविरुद्धचा ग्रंथ लिहिणारे पद्मनाभन त्यांच्याच संस्थेतील प्राध्यापक! पद्मनाभन २०२१ साली निवर्तले. तोवर ते आयुकातच कार्यरत होते.

गुरुवाक्य प्रमाण मानणाऱ्या आपल्या देशात ही घटना आम्हांस एखाद्या शोधाइतकीच मोलाची वाटते. आपल्या मताविरुद्ध बोलणाऱ्याला दालन, ग्रंथालय आणि पगार देणारी संस्था उभारणे, ही चिकित्सेची खरी कसोटी होय. याच नारळीकरांनी २००८ साली डॉ. नरेंद्र दाभोलकर प्रभृतींच्या सहकार्याने फलज्योतिषाचीही संख्याशास्त्रीय परीक्षा घेतली. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून ज्योतिषांकडे पाठविल्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे धाडली. बरोबर आलेल्या उत्तरांचे प्रमाण सुमारे ४६ टक्के होते. नाणे उडवून निर्णय केला असता तरी यापेक्षा वाईट निकाल लागला नसता. अर्धस्थिर विश्वाच्या आपल्या स्वतःच्या सिद्धांतालाही त्यांनी परीक्षेपासून सूट मागितली नाही. तो निरीक्षणांनीच तपासला जावा, अशीच त्यांची भूमिका होती.

वायूचा पुरवठा

जन्म झाला, आता वाढ आणि वार्धक्य. दीर्घिकेचे अन्न म्हणजे हायड्रोजन वायू. तारे मुख्यत्वे हायड्रोजनचे बनलेले आहेत हे १९२५ साली सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने दाखविले. त्यासाठी तिने मेघनाद साहा यांचे १९२० सालचे समीकरण वापरले. साहा हे ढाक्याजवळच्या खेड्यातील एका गरीब दुकानदाराचे पुत्र. कलकत्त्याच्या वसतिगृहात जातीवरून झालेली अवहेलना त्यांनी सोसली होती. ताऱ्यांचा वर्णपट वाचण्याची किल्ली जगाला त्यांनी दिली.

दीर्घिकांतील हायड्रोजन वायू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओलहरी सोडतो. त्या ऐकण्याचे एक मोठे साधन आपल्या महाराष्ट्रात आहे. जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ, खोडद येथे, डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून १९९० च्या दशकात महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. भरीव पत्र्याऐवजी तारांची जाळी ताणून त्या बनविल्यामुळे खर्चही कमी झाला आणि वाऱ्याचा जोरही. ज्यांनी मुसफ्फ्यात पोलादी सांगाडे उभारले आहेत, त्यांना या युक्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील संशोधकांनी याच दुर्बिणीतून सुमारे ८ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील वायू मोजला. एकेका दीर्घिकेचा संदेश इतका क्षीण होता की, तो ऐकू येणे अशक्य. म्हणून त्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संदेश एकत्र केले. जशी एका रुग्णावरून साथ ओळखता येत नाही, पण हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या की ती स्पष्ट दिसते. निष्कर्ष असा निघाला की, त्या काळी दीर्घिका इतक्या वेगाने तारे घडवीत होत्या की, बाहेरून नवा पुरवठा झाला नसता तर त्यांचा अणुरूप हायड्रोजन एक-दोन अब्ज वर्षांतच संपला असता. विश्वातील ताराजन्माचा भर सुमारे १० अब्ज वर्षांपूर्वी होता. त्यानंतर तो वेग सुमारे दहापट मंदावला आहे. त्याचे एक प्रमुख कारण पुरवठ्याची टंचाई हेच असावे, असे या मोजणीवरून दिसते.

टंचाईखेरीज आणखीही कारणे आहेत. मोठे तारे अखेरीस स्फोट पावतात आणि भोवतालचा वायू उधळून लावतात. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर असते. आपल्या आकाशगंगेतील कृष्णविवर सुमारे ४० लाख सूर्यांच्या वजनाचे आहे. त्यात वायू कोसळू लागला की इतकी ऊर्जा बाहेर पडते की, भोवतीचा वायू तापून तारे बनण्यास नालायक ठरतो. अशी दीर्घिका मग हळूहळू तांबडी आणि निस्तेज होत जाते. हे सर्व खरे मानावे काय, हे तपासण्यासाठी संशोधक संगणकात दीर्घिका घडवून पाहतात. त्यांपैकी 'निहाओ' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सुमारे शंभर दीर्घिकांच्या संगणकीय प्रतिकृतींवर काम करणारा आंद्रेआ माच्यो यांचा गट येथेच, अबू धाबीच्या सादियात बेटावरील न्यूयॉर्क विद्यापीठाच्या शाखेत आहे. ताऱ्यांच्या स्फोटांचा परिणाम हिशेबात धरला नाही, तर संगणकातील दीर्घिकांत खऱ्यापेक्षा फार जास्त तारे तयार होतात, असे अशा प्रयोगांतून दिसून आले आहे.

सिद्धांतापुढील नवे प्रश्न

हे चित्र पूर्ण झाले आहे, असे आपण समजू नये. सरस्वती महासमूहासारखी प्रचंड रचना ४ अब्ज वर्षांपूर्वीच अस्तित्वात असणे, हे तिच्या शोधकर्त्यांनाही प्रचलित सिद्धांतापुढील आव्हान वाटले. २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या त्याच राष्ट्रीय केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून 'अलकनंदा' नावाची सर्पिल दीर्घिका शोधल्याचे जाहीर झाले. हिंदीत आपल्या आकाशगंगेला मंदाकिनी म्हणतात. मंदाकिनीची भगिनी नदी ती अलकनंदा, म्हणून हे नाव. विश्व अवघे दीड अब्ज वर्षांचे असतानाची ही दीर्घिका. तिचा व्यास सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे, दोन्ही बाहू रेखीव, आणि दरवर्षी सुमारे ६० सूर्यांइतके तारे घडविण्याचा वेग! आरंभीच्या दीर्घिका ओबडधोबड व अस्ताव्यस्त असाव्यात, अशी अपेक्षा होती. एवढ्या लवकर इतकी शिस्त कोठून आली, याचे उत्तर आता शोधावे लागेल.

भाकितेही सुधारली जात आहेत. देवयानी आणि आपली आकाशगंगा काही अब्ज वर्षांनी एकमेकींवर आदळणारच, असे वर्षानुवर्षे सांगितले जात असे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या गणितानुसार, पुढील १० अब्ज वर्षांत तसे घडण्याची शक्यता जेमतेम निम्मी आहे. पोथीत असा बदल करावयाचा झाल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागते. येथे तो संशोधनपत्रिकेत छापून येतो आणि लिहिणाऱ्याचा गौरव होतो.

आपला वाटा

या सर्वांचा आपल्याशी काय संबंध, असेही कोणी विचारील. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्याचा मोठा भाग रक्तातील हिमोग्लोबिनमध्ये. रक्तक्षय झालेल्या भगिनीला आम्ही ज्या गोळ्या लिहून देतो, त्याही लोहाच्याच. आरंभीच्या विश्वात लोह नव्हते. ते ताऱ्यांच्या पोटात आणि स्फोटांत तयार झाले, दीर्घिकेच्या वायूत मिसळले, पुन्हा नव्या ताऱ्यांत गेले आणि पृथ्वीच्या वाट्यास आले. दीर्घिकेने आपला वायू धरून ठेवला नसता, तर ते लोह पोकळीत उधळून गेले असते. कोणाचे रक्त शुद्ध आणि कोणाचे हीन, हा विचार करणाऱ्याने रक्तातील लोह कोठून आले, एवढे तरी विचारावे.

आमच्या काही विनंत्या आहेत. मंडळाच्या वाचनालयात नारळीकरांची मराठीतील विज्ञानविषयक पुस्तके यावीत आणि ती मुलांच्या हाती पडावीत, अशा उंचीच्या फळीवर ठेवावीत. येथे कामानिमित्त एकटे राहणाऱ्या बांधवांनी गावाकडे फोन करताना मुलांना एक प्रश्न जरूर विचारावा : आज शाळेत कोणता प्रश्न विचारलास? उत्तर काय दिलेस, हे नंतर. आणि ज्याला उपचाराचा सल्ला मिळाला आहे, त्याने पंचांग पाहून तारीख ठरवू नये.

मुसफ्फ्यातील दिव्यांच्या झगमगाटात आणि धुळीत आकाश फारसे दिसत नाही, हे आम्ही जाणतो. हिवाळ्यात अमावस्येच्या सुमारास एक बस ठरवून अल ऐनच्या दक्षिणेकडील अल कुआच्या वाळवंटात जावे, असा आमचा प्रस्ताव आहे. नोव्हेंबरात संध्याकाळनंतर देवयानी तेथे डोक्याजवळ येते. साध्या डोळ्यांना ती अल-सूफींना दिसली तशीच दिसेल, एखाद्या लहानशा ढगासारखी. दुर्बीण असल्यास थोडी अधिक. तिच्याभोवतीचे कृष्णद्रव्य कोणालाच दिसणार नाही. ते आहे की नाही यावर परतीच्या बसमध्ये वाद घालावा. मात्र प्रत्येकाने आपला पुरावा सोबत आणावा. जाणाऱ्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत.